थारच्या शिकारीला न्यूझीलंड, सोबत शिकार न करणारी बायको: सहल कशी आखावी?

गिप्सलँडचा_गडी (मेलबर्न)

नमस्कार मंडळी. व्हिक्टोरियाचं गेम लायसन्स आहे माझ्याकडे. ऑफिसातल्या दोघांच्या नादाने गिप्सलँडच्या डोंगरात सांबरामागे फिरायला लागलो आणि आता डोक्यात थार बसलाय (महिंद्राची नव्हे, शिंगंवाला हिमालयातला रानबकरा). पुढच्या मे-जूनमध्ये साउथ आयलंडला गाइड घेऊन जायचा विचार आहे.

बायको वाईची. शिकारीला विरोध नाही, "तुझं तू बघ, मला दाखवू नकोस" एवढंच तिचं म्हणणं. शाकाहारी, पण अंडं चालतं. डोंगर चढायला माझ्यापेक्षा दणकट. दोघांना एकदम रजा मिळणं मुश्किल असतं, त्यामुळे ही सुट्टी दोघांचीही व्हायला हवी.

एका गाइडने पॅकेज पाठवलंय: पाच दिवस, हेलिकॉप्टरने वर सोडणार, डोंगरातल्या हटमध्ये मुक्काम, आणि "नॉन-हंटर"साठी दिवसाचा वेगळा दर. त्या पाच दिवसांत तिने हटमध्ये बसून काय करायचं, ते कुठे लिहिलेलं नाही. दुसऱ्याने लॉजवर मसाज आणि वायनरीची सहल सुचवलीय. ती वाइनला शिवत नाही. कोणी जोडीने गेलंय का? कसं जमवलंत?

शाकंभरी

प्राणी मारायला समुद्र ओलांडून जायचं, हेच मला कळत नाही. हिमालयातला थार आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, मारला तर तुरुंग. तोच प्राणी तिकडे पैसे मोजून मारायचा? दोघं जा, फोटो काढा, परत या. बायकोचा प्रश्न आपोआप सुटेल.

पाटणची_पोर (ख्राइस्टचर्च)

शाकंभरीताई, मीही मारत नाही आणि मारताना बघतही नाही. पण या देशाचं गणितच उलटं आहे. इथले जमिनीवरचे मूळचे सस्तन प्राणी म्हणजे फक्त वटवाघळं. थार बाहेरून आणला. ड्यूक ऑफ बेडफर्डने इंग्लंडमधल्या आपल्या कळपातले पाठवले आणि १९०४ साली माउंट कुकजवळ मुद्दाम सोडले. इथली डोंगरमाथ्यावरची गवतं आणि फुलझाडं खुरांच्या जनावराशिवाय वाढलेली, त्यांना हे चरणं झेपत नाही. म्हणून १९९३च्या सरकारी आराखड्यात थारची संख्या १०,०००च्या आत ठेवायचं ठरलं. शिकारी कमी पडतात तिथे सरकारच हेलिकॉप्टरमधून मारतं. तुम्हाला पटावं असा आग्रह नाही.

आता गडीभाऊ. माझा नवरा शिकार करतो, मी करत नाही, आणि थारच्या मोसमात आम्ही जोडीनेच जातो. ते हटवालं पॅकेज आधी बाजूला ठेवा. गाइडच्या पत्रकात बायको म्हणजे जेवणाच्या टेबलावरचं एक जादा ताट. ताटाचा दर लिहितात, दिवसाचं काही लिहीत नाहीत. तुम्ही तिची सहल आधी आखा आणि तिच्यात तुमची शिकार बसवा. यातली सगळ्यात मोठी वस्तू रायफल नाही, गाडीची किल्ली आहे, आणि ती तिच्याकडे असली पाहिजे. ख्राइस्टचर्चला उतरून गाडी भाड्याने घ्या, तिचं नाव ड्रायव्हर म्हणून घाला. तुम्हाला गाइड त्याच्या गाडीतून नेतोच.

मुक्काम ट्वायझलला करा. आमच्या कोयनानगरसारखं धरणाच्या कामगारांसाठी वसवलेलं गाव आहे, १९६८चं. देखणं अजिबात नाही, पण सगळ्याच्या मधोमध. स्वयंपाकघर असलेलं मोटेल घ्या, लॉज नको. आजूबाजूच्या मेंढ्यांच्या स्टेशनांवर, म्हणजे अफाट मोठ्या खाजगी कुरणांवर, थार आहेत आणि तिथे रोज पहाटे नेऊन रात्री परत आणणारे गाइड मिळतात. हटची हौस असेलच तर एक-दोन रात्री वर काढा, पाच नको.

तारीख ठरवताना कालनिर्णय उघडा. हे मी गमतीने म्हणत नाही. मेच्या अखेरीपासून थारचे नर माजावर येतात, आयाळ भरलेली असते, सगळे शिकारी त्याच सुमारास येतात. त्या काळातली अमावास्या धरा. ट्वायझलपासून टेकापोपर्यंतचा सगळा टापू २०१२पासून आंतरराष्ट्रीय डार्क स्काय रिझर्व्ह आहे. टेकापोच्या माउंट जॉनवर कँटरबरी विद्यापीठाची वेधशाळा आहे, तिथे रात्रीच्या टूर असतात. पण मला विचाराल तर मोटेलपासून दहा मिनिटं गाडी चालवायची, दिवे बंद करायचे आणि बाहेर उभं राहायचं. पाटणला आमच्या गच्चीवरून वृश्चिक दक्षिणेला डोंगरावर टेकलेला दिसायचा. इथे जूनच्या मध्यरात्री तो डोक्यावर असतो, नांगी पूर्ण उघडी, आणि आकाशगंगेचा सगळ्यात जाड भाग त्याच्या शेजारी. मॅगेलनचे दोन्ही ढग नुसत्या डोळ्यांनी दिसतात. जूनच्या अखेरीस पहाटे कृत्तिका उगवतात. माओरी लोक त्यांना मातारिकी म्हणतात, त्यावरून नवीन वर्ष धरतात आणि २०२२पासून त्याची सरकारी सुट्टी असते. तो लाँग वीकेंड मात्र टाळा, खोल्या मिळत नाहीत. काळ्या रात्री शिकाऱ्यालाही सोयीच्या. चांदण्यात जनावर रात्रभर चरतं आणि दिवसा कपारीत दडून बसतं, असं आमचा गाइड म्हणतो.

दिवसाचं म्हणाल तर माउंट कुक गाव तिथून ६५ किलोमीटर, रस्ता पुकाकी तलावाच्या काठाने जातो. हिमनदीने दळलेल्या दगडाच्या पिठामुळे पाण्याचा रंग दुधाळ निळा असतो, फोटोत खोटा वाटतो. चालायला दणकट आहे म्हणता, मग तिला केआ पॉइंट आणि टास्मान हिमनदीचा तलाव लागोपाठ होतील. हूकर व्हॅलीचा वरचा टप्पा पुलाच्या कामासाठी बंद होता, डॉकच्या (इथल्या सरकारी संवर्धन खात्याच्या) साइटवर बघूनच जा. पार्किंगमध्ये केआ पोपट दिसला तर गाडीकडे लक्ष ठेवा, काचेभोवतीचं रबर ओरबाडतो. सायकल चालवत असेल तर ट्वायझल ते ओहाऊ तलाव हा आल्प्स टू ओशन सायकलमार्गाचा तुकडा उत्तम, मी तिथे एकटीच जाते. याउप्पर तिला नुसतं हीटरपाशी पुस्तक वाचत बसायचं असेल तर बसू द्या. रोज संध्याकाळी "आज काय केलंस?" असा हजेरीपट घेऊ नका.

तिला डोंगरावर यायचं आहे का, हेही तिलाच विचारा. मी पहिल्या सकाळी जाते, तेही ग्लासिंगपुरती. दरीच्या तळाशी गाडी उभी करून गाइड तिवईवर मोठी दुर्बीण लावतो आणि समोरचा कडा इंच इंच चाळतो. गेल्या वेळी कड्याच्या अगदी नाकावर एक नर उभा होता. चहूकडे बर्फ, खाली सरळ तुटलेला खडक, वाऱ्याने मधाच्या रंगाची आयाळ एका बाजूला लोटलेली, आणि तो निवांत रवंथ करतोय. जबडा हलताना दिसत होता. दोन तास मी जागची हलले नाही. मग नवरा आणि गाइड वर निघाले, मी गाडी वळवली. हे आधी ठरलेलं असतं आणि गाइडला माहीत असतं, त्यामुळे "अरे, थांबा की!" असा आग्रह होत नाही.

नंतरचंही आधीच ठरवा. माजावरच्या नराला वास असतो, बकऱ्याच्या दसपट. मुंडकं आणि कातडं आमच्या गाडीत येत नाही, गाइडच्या युटमधून (पिकअपमधून) परस्पर त्याच्या शेडवर जातं. नवऱ्याचे कपडे जाड पिशवीत बंद होऊन थेट मोटेलच्या वॉशिंग मशीनमध्ये. फोटो त्याच्या फोनमध्ये राहतात, मी मागितले तरच दाखवायचे. लॉजवरच राहणार असाल तर कातडी सोलायची शेड जेवणघरापासून किती लांब आहे ते विचारा. काही ठिकाणी खिडकीतूनच दिसते.

शेवटचं काळजीचं. जूनमध्ये पाचच्या सुमारास अंधार पडतो आणि डोंगरात मोबाइलला रेंज नसते. सात वाजून गेले आणि माणूस आला नाही की हातातलं पुस्तक पुढे सरकत नाही. गाइडकडे सॅटेलाइट मेसेंजर असतो. ठराविक वेळेला त्यावरून दोन शब्द यायलाच हवेत, जनावर मिळो न मिळो. तिनेही कुठे जातेय ते चिठ्ठीवर लिहून ठेवावं. सावलीतल्या वळणांवर काळा बर्फ असतो, डोळ्याला दिसत नाही, तेव्हा सकाळी उन्हं वर आल्यावर निघायचं आणि चारच्या आत परत. भाड्याच्या गाडीसोबत बर्फासाठी टायरवर चढवायच्या चेन मागून घ्या आणि त्या चढवायच्या कशा ते तिथेच करून बघा, लिंडिस पास घाटातल्या वाऱ्यात नको.

ओटागोचा_बापू (डनीडन)

पाटणच्या ताईंनी निम्मं काम केलं. गाइडला काय विचारायचं ते मी सांगतो.

जमीन कोणाची? सरकारी संवर्धन क्षेत्रात नेणार असेल तर त्याच्याकडे डॉकचा परवाना हवा. व्यावसायिक गाइडांची एनझेडपीएचजीए ही संघटना आहे, तिचा सभासद आहे का बघ. कुंपणातलं जनावर की मोकळं? पायी की हेलिकॉप्टरने? इथे तोंडावर आणि स्पष्ट विचार. हटपर्यंत हेलिकॉप्टरने सोडणं वेगळं आणि हेलिकॉप्टरने जनावर शोधून, वळवून मारणं वेगळं. दुसऱ्या प्रकाराला परवाना घेऊन परवानगी आहे, पण इथले बरेच शिकारी त्याला नाक मुरडतात. मीही. तुला वहिनींना संध्याकाळी सांगण्यासारखी गोष्ट हवी असेल तर पायी जा.

पैशाचं: दिवसाचा दर वेगळा, ट्रॉफी फी, म्हणजे मारलेल्या जनावराचे पैसे, वेगळी. जखमी होऊन निसटलेलं जनावर बहुतेक ठिकाणी मारलेलंच धरतात, म्हणजे पूर्ण फी. वहिनी ट्वायझलला राहणार, गाइडचं जेवत नाहीत, त्याच्या गाडीत बसत नाहीत, मग नॉन-हंटर दर कसला? एखादी सकाळ आल्या तर काय, ते लिहून घे.

रायफल आणू नकोस. परवानाधारक गाइड शेजारी असेल तर त्याच्या देखरेखीखाली त्याची रायफल बिनापरवाना चालवता येते. स्वतःची आणलीस तर पाहुण्यांचा परवाना, विमान कंपनीची परवानगी, आणि विमानतळावरचा तासभर वहिनी बाकावर. पहिल्या सकाळी त्याच्या रायफलने टार्गेटवर चार गोळ्या मार, मग डोंगर.

आणि तब्येत कमव. सांबर झाडीत असतं, थार कड्यावर. गुडघे उतारावर बोलतात.

गिप्सलँडचा_गडी

ताई, बापू, मनापासून आभार. काल रात्री हे सगळं तिला वाचून दाखवलं. वृश्चिकापाशी तिने फोन माझ्या हातातून घेतला आणि पुढचं स्वतः वाचलं. वायनरीवाल्याला नको म्हणून कळवलंय. हटवाल्याला बापूंचे प्रश्न पाठवले, त्याचं उत्तर फक्त हेलिकॉप्टरच्या दराबद्दल आलं, म्हणून तोही बाद.

दोन शंका. एक, दुर्बिणीतून बघायला ती तयार आहे, पण त्याच सकाळी जनावर जवळ आलं आणि गाइड म्हणाला आत्ताच मारा, तर? दोन, तिच्या खाण्याचं. मेतकूट, भाजणी, आईने पाठवलेलं लोणचं घेऊन जाता येईल का?

पाटणची_पोर

पहिल्याचं उत्तर सोपं: त्या सकाळी रायफल गाडीच्या बाहेर काढायचीच नाही. गाइडला आदल्या दिवशीच सांगा. चांगला गाइड हसून हो म्हणतो, कारण त्याला नाहीतरी पहिल्या सकाळी कुठला नर कुठे फिरतो ते बघायचंच असतं. शिंगं मोजायची, वय धरायचं, लहान नर सोडून द्यायचा, हे त्याच दोन तासांत होतं. तोंड वाकडं केलं तर गाइड बदला.

खाण्याचं: न्यूझीलंड ट्रॅव्हलर डिक्लेरेशनच्या (ऑनलाइन किंवा कागदी) फॉर्मवर खाण्याच्या रकान्यात "हो" अशी खूण करा आणि सगळं काउंटरवर मांडा. लपवलेलं, विसरलेलं काहीही सापडलं की जागच्या जागी ४०० डॉलर दंड, सफरचंद असलं तरी. मध अजिबात आणू नका. मेतकूट आणि भाजणी पाकीटबंद, नाव लिहिलेली असेल तर निरीक्षकाचं काम सोपं होतं, ठेवायचं की नाही ते तोच ठरवतो. घरच्या लोणच्याची बरणी मी आणत नाही, उगाच जीव टांगणीला. तांदूळ, मुगाची डाळ, हळद-तिखट ख्राइस्टचर्चच्या इंडियन दुकानातून घ्या आणि मगच निघा. ट्वायझलच्या फोर स्क्वेअर दुकानात भाजी, दूध, अंडी मिळतात, डाळीचा भरवसा नाही. छोटा कुकर बॅगेत टाका.

आणि तुमचे डोंगरात फिरलेले बूट. तळाच्या खाचांतली गिप्सलँडची माती टूथब्रशने काढून, धुऊन, वाळवून आणा आणि त्या फॉर्मवर तेही लिहा. ते उलटे करून बघतातच.