नोकिया ११०० पुन्हा वापरात घ्यावा की नवीन ३२१० घ्यावा? (सोलापूर)

शेळगीकर

नमस्कार मंडळी. टॉवेलच्या कारखान्यात रात्रपाळी करणाऱ्या ६१ वर्षांच्या माणसासाठी बटणाचा फोन ठरवायचा आहे. टच स्क्रीन नको. टॉर्च हवी. मागांच्या आवाजात रिंग ऐकू येत नाही, म्हणून फोन खिशात चांगला थरथरायला हवा. घरात नोकिया ११०० पेटीसकट पडून आहे, आणि बाजारात ‘नवाकोरा ११००’ म्हणूनही विकायला येतोय. दुसरीकडे नोकियाच्या जुन्या नावांनी आलेले नवे फोन आहेत: ३३१०, ५३१०, ३२१०. सध्याचं सिम जिओचं आहे, नॅनो आकाराचं. घरातला ११०० चालू करायचा तर काय काय तपासायचं? बॅटरी अजून मिळते का? आणि नव्यांपैकी घ्यायचाच झाला तर कुठला घ्यावा?

सोल्डर_नवीपेठ

शेळगीकर, आधी सिमचं ठरवा, फोनचं नंतर बघू.

११०० हा निव्वळ २जी फोन आहे, ९०० आणि १८०० या बँडवर चालणारा. जिओकडे २जी नाहीच, त्यांनी सुरुवातच ४जीवर केली. त्यामुळे जिओचं सिम त्यात कितीही नीट बसवलं तरी रेंज येणार नाही. फोन बिघडलाय असं समजून लोक दुकानात घेऊन येतात आणि विनाकारण तो उघडला जातो. एअरटेल, व्हीआय किंवा बीएसएनएलचं सिम लागेल. कारखान्यात आणि घरात यातल्या कुणाची २जी रेंज नीट येते, हे कुणाचं तरी सिम घालून दोन्ही जागी बघा. पत्र्याच्या शेडमध्ये रेंज पडते, तेव्हा रस्त्यावर उभं राहून बघून उपयोग नाही.

नंबर तोच ठेवायचा तर पोर्ट करा. पण क्रम चुकवू नका. १ जुलै २०२४ पासून सिम बदलून घेतल्यावर ७ दिवस पोर्टिंगचा कोड मिळत नाही. म्हणजे ‘आधी जिओचं मोठं सिम घेऊ, मग पोर्ट करू’ असं केलंत की आठवडा गेला. सरळ पोर्ट करा आणि नव्या कंपनीचं कार्ड घेताना तीन आकारांत तुटणारं मागा. मोठ्या आकारातच तोडायचं, नॅनो करायचं नाही.

नॅनो सिम अडॅप्टरमध्ये घालूनही चालतं, पण अडॅप्टर मागून बंद असलेला घ्या. नॅनो सिम मोठ्या सिमपेक्षा थोडं पातळ असतं, ०.६७ मिलिमीटर, मोठं ०.७६. उघड्या अडॅप्टरमध्ये ते खाली निसटतं, बाहेर काढताना त्याची कड सिमच्या पिनांत अडकते आणि पिन वर उचलली जाते. मग ‘इन्सर्ट सिम’ कायमचं. अडॅप्टर अडकलाच तर ओढू नका. एक्स-रे फिल्मची किंवा तसल्याच कडक प्लास्टिकची पातळ पट्टी पिनांच्या आणि अडॅप्टरच्या मध्ये सरकवा आणि दोन्ही एकदम बाहेर घ्या.

आता घरातला फोन. पेटी आहे हे फार छान, कारण आयएमईआय (प्रत्येक फोनचा वेगळा ओळख क्रमांक) तीन ठिकाणी जुळवता येतो: पेटीवर, बॅटरीखालच्या स्टिकरवर आणि *#०६# दाबल्यावर पडद्यावर. तिन्ही एकच हवेत. त्यानंतर *#९२७०२६८९# दाबा. यात फोन कधी बनला ते महिना आणि वर्ष अशा चार आकड्यांत दिसतं, आणि एकूण किती तास बोलणं झालं तेही.

‘नवाकोरा’ म्हणून विकतात त्यातले बहुतेक म्हणजे जुना बोर्ड आणि त्यावर चढवलेली नवी बॉडी. ११०० आला २००३ मध्ये आणि त्याचं उत्पादन बंद होऊन बरीच वर्षं लोटली. जगभरात २५ कोटींहून जास्त खपला, त्यामुळे जुने बोर्ड ढिगाने सापडतात. नवी बॉडी चढवणं ही फसवणूक नाही. ती नवा फोन म्हणून विकणं ही आहे. आणखी एक: अमेरिकेतला ११००बी दिसायला सारखाच, पण तो ८५० आणि १९०० बँडचा. इथे त्याला नेटवर्कच नाही. वापरलेला घेताना आयएमईआय चोरीचा किंवा दुबार नाही ना, तेही बघा. इंग्रजीत केवायएम लिहून, एक जागा सोडून, पुढे आयएमईआय लिहायचा आणि १४४२२ ला मेसेज करायचा. उत्तरात मॉडेलचं नाव वेगळं आलं तर तो फोन सोडून द्या.

उजनीकाठ

बॅटरीबद्दल लिहितो, कारण जुन्या फोनचं खरं दुखणं तेच.

११०० ला बीएल-५सी लागते. ही आजही सहज मिळते, कारण छोटे रेडिओ आणि ब्लूटूथ स्पीकर याच मापाच्या बॅटरीवर चालतात. घरातल्या फोनमधली जुनी बॅटरी आधी बाहेर काढा आणि सपाट फरशीवर ठेवून बोटाने भिरकी द्या. चांगली बॅटरी घासत जागेवर थांबते. फुगलेली भोवऱ्यासारखी फिरते, कारण ती मधल्या फुगवट्यावर टेकलेली असते. फिरली तर चार्ज करायचा विचारही नको. टोचायची नाही, दाबून सपाट करायची नाही, ई-कचऱ्यात द्यायची.

फिरली नाही तर मल्टिमीटर लावा, दोन टोकांच्या पट्ट्यांवर. ३.५ व्होल्टच्या वर असेल तर चार्ज करून बघायला हरकत नाही. ३ च्या खाली गेलेली लिथियम बॅटरी चिमट्याच्या चार्जरवर झटका देऊन ‘उठवतात’, ते करू नका. आत तांबं विरघळून बसलेलं असू शकतं आणि पुढे कधीतरी आतल्या आत शॉर्ट होऊ शकते. शिवाय नोकियानेच ऑगस्ट २००७ मध्ये डिसेंबर २००५ ते नोव्हेंबर २००६ या काळात मात्सुशिताने बनवलेल्या ४ कोटी ६० लाख बीएल-५सी बॅटऱ्या चार्जिंगमध्ये तापू शकतात म्हणून बदलून द्यायची घोषणा केली होती. त्या काळातली बॅटरी निघाली तर ती ठेवूच नका.

नवी घेताना तीन गोष्टी बघा. बीआयएसची (भारतीय मानक ब्युरोची) नोंदणी खूण, म्हणजे इंग्रजी आर आणि पुढे आठ आकडे. तो नंबर त्यांच्या बीआयएस केअर ॲपवर टाकून बघता येतो. दुसरं, क्षमता. या मापाच्या डबीत साधारण १,००० एमएएच मावतात. २,५०० लिहिलेलं असेल तर छापणाऱ्याने वाटेल ते छापलंय. तिसरं, ‘जुना ओरिजिनल स्टॉक’ म्हणून जास्त पैसे देऊ नका. पाकिटात बंद असली तरी लिथियम बॅटरी म्हातारी होतेच.

नवी बसवल्यावर पूर्ण चार्ज करा, टॉर्च लावा (सी बटण धरून ठेवायचं) आणि दहा मिनिटं कॉल चालू ठेवा. एवढ्यात बॅटरीच्या दोन काड्या उतरल्या तर त्याच दिवशी परत करा.

आपल्याकडचं ऊन लक्षात ठेवा. लिथियम बॅटरी ४५ अंशांवर चार्ज करू नये, आणि एप्रिल-मेमध्ये पत्र्याखाली दुपारी तेवढं सहज होतं. रात्रपाळीच्या माणसाने घरी आल्यावर सकाळी चार्जिंगला लावावा. चार्जर जाड, ३.५ मिलिमीटर पिनचा लागेल. नंतरच्या नोकियांची पिन २ मिलिमीटरची बारीक असते, ती यात बसत नाही.

मागवाला_पूर्वभाग

रेंज आणि बॅटरी दोघांनी नीट सांगितली. कारखान्यात फोनला खरी मारते ती टॉवेलची लव.

टेरी टॉवेलच्या मागावर हवेत बारीक लव उडत असते. ती रिसीव्हरच्या जाळीवर बसते, घामाने ओली होते, सुकते, पुन्हा बसते. काही महिन्यांत जाळीमागे नमद्यासारखी चकती तयार होते. नखाने उचलली तर अखंड निघते. आवाज बारीक झाला म्हणून लोक स्पीकर बदलतात, तो चांगलाच असतो. टॉर्क्स टी-६ पेचकसाने उघडा, जाळी काढा आणि कोरड्या मऊ दातांच्या ब्रशने साफ करा. माग पुसायला जी कॉम्प्रेसरची हवा असते ती फोनवर मारू नका. त्यात पाणी आणि तेलाचे थेंब येतात, आणि दाबाने माइकचा पडदा फाटतो.

११०० चं कीपॅड एकसंध रबराचं आहे, बटणांच्या फटी नाहीत. धुळीच्या जागी हा फोन टिकला तो यामुळे. पण बॉडी बदललेल्या फोनला हलकं कीपॅड बसवलेलं असतं, कडेला सैल. तिथून लव आत जाते आणि बटण दोनदा दाबावं लागतं. घरातल्या फोनचं मूळ कीपॅड मळलं असेल तरी टाकू नका. साबणाच्या पाण्यात धुवा, सावलीत पूर्ण वाळवा. खालच्या बोर्डाचे गोल ठिपके ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. सॅनिटायझर नको, त्यात पाणी असतं. रॉकेल तर अजिबात नको.

शेळगीकर

मनापासून धन्यवाद सगळ्यांना. घरातल्या फोनचे आयएमईआय तिन्हीकडे जुळले. बॅटरी मात्र भोवऱ्यासारखी फिरली, वेगळी काढून ठेवली आहे. बाजारातल्या ‘नव्या’ ११०० मध्ये तो कोड दाबला तर बनल्याची तारीख ०६०५ आणि बोलण्याचे तास शून्य दिसले. याचा अर्थ काय?

सोल्डर_नवीपेठ

जून २००५ मध्ये बनलेला फोन आहे आणि त्याचा तासांचा आकडा सॉफ्टवेअर बॉक्स (फोनमधली माहिती बदलायचं दुरुस्तीवाल्यांचं यंत्र) लावून पुसलाय. एवढ्या वर्षांच्या फोनवर शून्य तास दिसणं हीच संशयाची जागा. तो घेऊ नका, घरातला त्याहून शंभर पटीने बरा.

बॉडी बदललेल्या फोनमध्ये आणखी एक हमखास चूक असते. मागच्या बाजूला आत अँटेनाची पट्टी असते आणि ती बोर्डावरच्या छोट्या स्प्रिंग-पायांवर नुसती टेकते, सोल्डर नसतो. हलक्या बॉडीत ही पट्टी अर्धा मिलिमीटर जरी वर राहिली तरी टेकत नाही. मग गच्चीवर रेंज येते आणि घरात जाते. पाय अल्कोहोलने पुसून चिमट्याने किंचित वर उचलले की बहुतेक वेळा काम होतं. घरातल्या फोनची रेंज कमी वाटली तरी आधी हेच करा.

होटगीरोड

नव्या फोनांचं कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. नाव जुनं असलं की लोक डोळे मिटून घेतात, आणि पुढे सिमपाशी अडतात.

नवा ३३१० भारतात मे २०१७ मध्ये ३,३१० रुपयांना आला. रंगीत पडदा, १,२०० एमएएच बॅटरी, सापाचा खेळ रंगीत. पण इथे विकला गेलेला २जीच, म्हणजे जिओला निरुपयोगी. २०२० चा ५३१० सुद्धा २जी. दोन्हींच्या बाबतीत तुमच्या घरातल्या ११०० पेक्षा नेटवर्कमध्ये काडीचाही फायदा नाही. २०१८ चा केळ्याच्या आकाराचा ८११० हा ४जी आहे, पण ‘यात व्हॉट्सॲप चालतं’ म्हणून जुना विकत असतील तर विश्वास ठेवू नका. कायओएसवर, म्हणजे त्या फोनमधल्या सॉफ्टवेअरवर, नव्याने व्हॉट्सॲप उतरवणं २०२४ मध्येच बंद झालं.

तुमच्या कामाचा आहे तो ३२१० ४जी. जून २०२४ मध्ये ३,९९९ रुपयांना आला. व्होल्टे (४जीवरून बोलण्याची सोय) आहे, त्यामुळे जिओचं सिम आहे तेच चालेल. बॅटरी १,४५० एमएएच आणि हाताने काढता येणारी, चार्जिंग टाइप-सी, टॉर्च आहे, आणि क्यूआर स्कॅन करून यूपीआयने पैसे देता येतात. व्हॉट्सॲप नाही. १९९९ च्या ३२१० चं त्यात नाव आणि आकाराची आठवण, बाकी सगळं वेगळं. लवेसाठी टाइप-सीच्या भोकाला रबरी बूच लावा, नाहीतर पिन अर्धवट बसायला लागते.

११०० वरही पैशाचं काम अगदी अडत नाही. *९९# २जीवर चालतं, एका वेळी ५,००० रुपयांपर्यंत, फक्त नंबर बँकेशी जोडलेला हवा. पण पायऱ्या बऱ्याच आहेत आणि मध्ये थांबलं की तुटतं. रोज भाजी, चहाला यूपीआय वापरणाऱ्याला ते जमणार नाही.

उजनीकाठ

होटगीरोड यांच्याशी सहमत, एका दुरुस्तीसह. पैशाचे व्यवहार घरचे दुसऱ्या फोनवर करत असतील आणि यांना फक्त बोलणं आणि टॉर्च हवी असेल, तर ११०० ला नवी बॅटरी घालून तोच द्या. पडला तरी कव्हर, बॅटरी आणि फोन असे तीन तुकडे होतात आणि पुन्हा जोडले की चालू. रिचार्जचं ओझंही कमी: डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायने (दूरसंचार नियामकाने) कंपन्यांना फक्त बोलणं आणि एसएमएस असलेले पॅक ठेवायला लावले, आणि त्यांची मुदत ३६५ दिवसांपर्यंत ठेवायला मुभा दिली. डेटाचे पैसे भरायची गरज नाही.

नंबरांची नावं इंग्रजी लिपीतच ठेवा, आणि तीही १४ अक्षरांच्या आत. सिमवर त्याहून लांब नाव बहुधा कापलं जातं, मग ‘जावई पुणे ऑफिस’ आणि ‘जावई पुणे ऑफिस नवा’ एकसारखे दिसतात. ११०० च्या स्वतःच्या मेमरीत ५० च नंबर मावतात, म्हणून सगळे सिमवरच साठवा.

शेळगीकर

ठरलं. पैशाचं काम घरातून होतं, तेव्हा ११०० च. पोर्टिंगची विनंती टाकतो. आधी कारखान्यात दुसऱ्या कंपन्यांची सिम घालून रेंज बघतो.

सोल्डर_नवीपेठ

रेंज माग चालू असताना, रात्रपाळीच्या वेळेलाच बघा. आणि थरथराट कमी वाटला तर मोटर बदलायच्या आधी तिच्या टोकाचं वजन बघा. त्यावर लव गुंडाळली की ते नीट फिरत नाही. चिमट्याने सोडवा, तेल घालू नका.