मदत हवी आहे: साटुरियाच्या टोर्नेडोबद्दल वाचायला काय मिळेल?

नमस्कार मंडळी,

नववीच्या मुलांना वादळं शिकवताना टोर्नेडो म्हटलं की फक्त अमेरिकाच समोर येते. पण जगातला सर्वांत जीवघेणा मानला जाणारा टोर्नेडो आपल्या शेजारी, बांगलादेशात झाला. २६ एप्रिल १९८९ रोजी माणिकगंज जिल्ह्यातल्या दौलतपूर आणि साटुरिया भागात सुमारे १३०० माणसं गेली, हजारो बेघर झाली. तिथे आधी दुष्काळ होता, लोक पावसाची वाट बघत होते. हे वाचल्यापासून फार अस्वस्थ आहे.

बंगालच्या उपसागरावरून येणारी दमट हवा आणि वायव्येकडची कोरडी, तापलेली हवा यांतून तिथे कालबैशाखीची, म्हणजे पावसाळ्याआधी उन्हाळ्यात येणारी गडगडाटी वादळं उठतात, एवढं मुलांना सांगता येतं. पण त्या गावांचं काय झालं? पत्र्याची, कुडाची घरं होती; आसरा तरी कुठे घेणार? वाचलेल्या माणसांचे अनुभव मला इंग्रजीत फारसे सापडत नाहीत.

कुणाला बंगाली येतं का? त्या काळच्या बंगाली वर्तमानपत्रांतली कात्रणं किंवा आठवणी कुठे मिळतील? दोन-तीन परिच्छेद मराठीत करून दिलेत तरी खूप झालं. हवामानशास्त्राचं कुणी असेल तर हेही सांगा: कालबैशाखीच्या एखाद्याच ढगातून टोर्नेडो का उतरतो, बाकीच्यांतून का नाही?