'शेनांडोआ'मधली जेवणाआधीची प्रार्थना

'शेनांडोआ' या चित्रपटात चार्ली जेवणाआधी जी प्रार्थना म्हणतो ती उद्धट वाटते असं कुणी म्हणतं, मला नाही पटलं. जमीन आम्ही साफ केली, नांगरली, पेरली, सगळं आम्हीच केलं, तरी देवा तुझे आभार, असं तो मोठ्या मुश्किलीने म्हणतो. पण ती प्रार्थना त्याची नाहीच, मेलेल्या बायकोला दिलेला शब्द आहे तो. आणि शेवटी त्याच टेबलावर, रिकाम्या खुर्च्यांसमोर, तेच शब्द त्याच्या घशात अडकतात. चार्ली झालेला जेम्स स्ट्युअर्ट तिथे नुसता थांबतो. मला दर वेळी भरून येतं.

अमेरिकेतलं उत्तर-दक्षिण यादवी युद्ध चालू असताना, हे युद्ध आपलं नाही म्हणून सहा मुलांना घरी ठेवणारा हा व्हर्जिनियाचा शेतकरी. युद्ध घरात शिरतं ते एका टोपीमुळे! धाकट्याला पाण्यात सापडलेली दक्षिणेच्या सैनिकाची टोपी, तो हौसेने घालतो, आणि उत्तरेचे सैनिक त्याला कैदी म्हणून घेऊन जातात.

१९६५चा चित्रपट आहे, काही मारामाऱ्या उगाच लांबल्यात. पण चार्लीच्या मुलाला, जेकबला, गोळी घालणारा पहारेकरी जेमतेम सोळा वर्षांचा निघतो, आणि चार्ली त्याला जिवंत सोडतो, तो प्रसंग पुन्हा बघाच.