एलडॅपचा निकाल ऑब्जेक्टात भरायला 'अ‍ॅनोटेशन लावा, विषय संपला' म्हणणाऱ्यांसाठी

तापीकाठचा
एलडॅप म्हणजे संस्थेतल्या माणसांच्या आणि ग्रुपांच्या नोंदी ठेवणाऱ्या डिरेक्टरीला विचारायची पद्धत. मॅपर म्हणजे तिचं उत्तर जावाच्या ऑब्जेक्टात भरणारा कोड, आणि अ‍ॅनोटेशन म्हणजे तेच काम स्प्रिंग लायब्ररीकडून करून घ्यायला क्लासवर लावायची खूण. काल आपल्या जळगावच्या ग्रुपवर एका भावानं लिहिलं: "हातानं मॅपर लिहिणारे अजून २००५ सालातच आहेत. क्लासवर एन्ट्री, फील्डवर अ‍ॅट्रिब्यूट लावा, स्प्रिंग भरून देतं, विषय संपला." खाली अंगठ्यांची रांग. भो, तुमचा विषय अजून सुरूच झाला नाही.

डिरेक्टरी म्हणजे टेबल नाही. मेल नसला तर रिकामा रकाना येत नाही, ते अ‍ॅट्रिब्यूटच येत नाही. एकाचे तीन मेल असले आणि फील्ड साधं स्ट्रिंग ठेवलं, तर त्यातला एक हाती लागतो. कोणता, याची हमी नाही. ऑब्जेक्टजीयूआयडी (नोंदीचा ओळख-क्रमांक) १६ बाइट्सचा बायनरी. जेएनडीआयला (जावाच्या डिरेक्टरीशी बोलणाऱ्या भागाला) तसं आधी सांगितलं नाही तर तो स्ट्रिंग म्हणून वाचला जातो आणि त्याची माती होते. अकाउंटएक्स्पायर्स (खातं कधी संपतं ते) म्हणजे १ जानेवारी १६०१ पासून मोजलेले शंभर-शंभर नॅनोसेकंद, आणि 'कधीच संपत नाही' हे सांगायला कुठे ० तर कुठे ९२२३३७२०३६८५४७७५८०७. घाला ते तारखेच्या फील्डात.

आणि ग्रुप! मायक्रोसॉफ्टची अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी मुळात एका खेपेला १५०० च मेंबर देते. जास्त असले की 'मेंबर' रिकामं येतं आणि पहिला हप्ता 'मेंबर;रेंज=०-१४९९' अशा नावानं येतो. तुमचं अ‍ॅनोटेशन 'मेंबर' शोधतं, सेट रिकामा राहतो, एरर काहीच नाही. एका संस्थेत विद्यार्थ्यांचा अख्खा ग्रुप असाच रिकामा दिसला. रात्रीच्या सिंकनं सगळ्यांचे हक्क काढून टाकले, आणि दुसऱ्या दिवशी परीक्षा फॉर्मची शेवटची तारीख. पोरांच्या शिव्या आम्ही खाल्ल्या, अंगठे देणाऱ्यांनी नाही.

भुसावळ_यार्ड
गोष्ट खरी असेल, आरोपी चुकला. हातानं लिहिणारेही 'मेंबर'च मागतात, त्यांनाही रिकामंच मिळतं. रेंज वाचायची असते हे माहीत नसलं की दोघंही बुडतात.

माझ्या गळ्यात पडलेल्या प्रोजेक्टात प्रत्येक सर्व्हिसचा वेगळा मॅपर. एक फोन घेतो टेलिफोननंबरमधून, दुसरा मोबाइलमधून. एकानं नल (माहितीच नाही हे) तपासलाय, बाकी रामभरोसे. त्यापेक्षा एक क्लास बरा, काय कुठून येतं ते एका जागी दिसतं. बायनरीला टाइप देता येतो. हो, कॉन्टेक्स्ट सोर्सलाही (डिरेक्टरीच्या जोडणीच्या सेटिंगलाही) सांगावं लागतं, पण एकदाच. तारखेला कन्व्हर्टर (रूप बदलून देणारा कोड) लिहा, तोही एकदाच. हातानं लिहिलं म्हणजे समजून लिहिलं, हा गैरसमज काढा डोक्यातून.

नवापूर_गेट
भरायचं कसं यावर भांडताय, आत माल काय आहे ते बघा आधी. ओपनएलडॅप या डिरेक्टरीत पर्सन क्लासला एसएन, म्हणजे आडनाव, सक्तीचं. धडगावकडच्या काही मुलांच्या कागदावर आडनावच नव्हतं. आमच्या इंपोर्ट स्क्रिप्टनं तिथे टिंब टाकलं. मॅपरनं इमानेइतबारे टिंब उचललं आणि प्रमाणपत्रावर नावामागे टिंब छापून आलं. दुरुस्तीसाठी पोरगं पाड्यावरून उतरून आलं, आणि खिडकीवरचा माणूस म्हणतो, "सिस्टीममध्ये तसंच आहे."

धुळ्याची_ताई
आमच्याकडे उलटा त्रास. 'पाटील' शोधलं की अर्धा जिल्हा येतो. एका ओयूत (डिरेक्टरीतल्या विभागात) एकाच सीएनचे (नोंदीच्या नावाचे) दोघे चालत नाहीत, म्हणून अ‍ॅडमिननं कंसात गाव टाकलं. पाटील संदीप (यावल), पाटील संदीप (रावेर), पाटील संदीप (किनगाव).

अमळनेरी
ताई, किनगाव यावल तालुकामाच शे! गाव कशाला, वडिलांचं नाव टाका, पिढ्यान्‌पिढ्या तसंच चालतं.

धुळ्याची_ताई
वडिलांचंही सारखं असलेले दोघे आहेत. मी म्हटलं आईचं टाका, तर मीटिंगमध्ये हसले सगळे.

आता माझं ऐका. लग्न झाल्यावर मला न विचारता सीएन बदलला. सीएन बदलला म्हणजे डीएन, नोंदीचा पूर्ण पत्ता, बदलला. रजेच्या अ‍ॅपनं ओळख म्हणून डीएनच साठवलेला, कारण त्या अ‍ॅनोटेशनवाल्या क्लासचा आयडी डीएनच असतो. माझ्या साठवलेल्या रजा शून्य.

अमळनेरी
आता हे बायकांच्या आडनावावर नेऊ नका. विषय मॅपरचा आहे.

धुळ्याची_ताई
विषय तोच आहे. तुमचं नाव जन्मात बदलणार नाही, म्हणून तुम्हाला डीएन कायमचा वाटतो.

भुसावळ_यार्ड
ताईंचं बरोबर आहे. पण कंसातल्या गावावरून आठवलं, हातानं फिल्टर (शोधाची अट) जोडणाऱ्यांचं तिथेच वाजतं. फिल्टरमध्ये कंसाला वेगळा अर्थ, एस्केप केला नाही (साधं अक्षर आहे अशी खूण केली नाही) की संदीप (यावल) कुठल्या ग्रुपात आहे हे विचारताच फिल्टरच मोडतो. स्प्रिंगचा क्वेरी बिल्डर ते आपोआप करतो. तापीकाठचे, तुमच्या हातानं लिहिलेल्या कोडात आहे का हे?

तापीकाठचा
घे बाबा, क्वेरी बिल्डर तुझा, त्याला हार घाल. फिल्टर हातानं जोडा असं मी म्हटलंच नव्हतं. ताईंच्या रजेचं उत्तर दे आधी.

भुसावळ_यार्ड
डीएनऐवजी ऑब्जेक्टजीयूआयडी साठवा. नाव बदला, ओयू बदला, तो बदलत नाही.

तापीकाठचा
म्हणजे तोच, ज्याची माती होते म्हणालो. शिवाय त्याच्या पहिल्या तीन भागांचे बाइट्स उलट्या क्रमानं असतात. ते सरळ कोण करणार?

भुसावळ_यार्ड
कन्व्हर्टर.

तापीकाठचा
जो हातानंच लिहायचा.

भुसावळ_यार्ड
एकदाच!!

नवापूर_गेट
टिंबाचं काय करायचं ते कुणी सांगेल का?

धुळ्याची_ताई
तिथे मुलाचं नावच परत टाका, आणि प्रमाणपत्राला एसएन वापरू नका, डिस्प्लेनेम वापरा. माझ्या रजेचं मात्र राहिलंच. एचआर म्हणतं, जुन्या नावाच्या बाईंनी नोकरी सोडली आहे.