एकल पालकत्व, नैराश्य आणि धावण्याचा सराव यांचा मेळ कसा घालावा? अनुभवी व्यक्तींचे मार्गदर्शन हवे आहे

नमस्कार.

सात वर्षांच्या मुलीला मी एकटाच वाढवतो आहे. विभक्त झाल्यापासून ती पूर्णवेळ माझ्याकडेच असते आणि अडीअडचणीला हाक मारावी असे जवळ राहणारे कोणी नातेवाईक नाहीत. घटस्फोटाच्या सुमारास मला मध्यम स्वरूपाच्या नैराश्याचे निदान झाले. मनोविकारतज्ज्ञांचे उपचार तेव्हापासून चालू आहेत, गोळी नियमित घेतो, समुपदेशनाचाही चांगला उपयोग झाला. त्याच काळात धावायला सुरुवात केली आणि आता हाफ मॅरेथॉनची तयारी करतो आहे. उपचारांना दुय्यम ठरवायचे नाही, परंतु दिवसाला आकार आला तो धावण्यामुळे, हे मला ठामपणे म्हणता येते.

अडचण अशी आहे की हा सगळा डोलारा एका तासावर उभा आहे. सात वर्षांच्या मुलीला घरात एकटी झोपलेली ठेवून पहाटे बाहेर पडता येत नाही, त्यामुळे बहुतेक धावपटूंची वेळ माझ्यासाठी बादच आहे. तिला शाळेत सोडल्यानंतर कामाला लागेपर्यंत जो वेळ मिळतो तेवढाच माझा. शाळेला सुट्टी लागली, तिला ताप आला किंवा सकाळी कामाची बैठक ठरली की सर्वप्रथम धावणेच रद्द होते. असे लागोपाठ तीन-चार दिवस गेले की पहाटे अवेळी जाग येऊ लागते, छातीवर ओझे ठेवल्यासारखे वाटते, कोणाशी बोलावेसे वाटत नाही आणि मुलीच्या साध्या प्रश्नांनाही मी तुटक उत्तरे देऊ लागतो.

हे सविस्तर लिहिण्याचे खरे कारण पुढे आहे. अलीकडे शाळेतून आल्यावर ती आधी दाराजवळच्या माझ्या बुटांकडे पाहते. बूट घामाने ओलसर किंवा मातीने माखलेले असले की दप्तर टाकून दिवसभराच्या गोष्टी सांगू लागते, कोरडे असले तर हळूच विचारते, "बाबा, आज तू पळाला नाहीस का?" आणि आपल्या खोलीत जाऊन शांतपणे चित्र काढत बसते. बापाचा मूड ओळखून वागायची जबाबदारी तिने स्वतःहून उचलली आहे, आणि तिच्या वयाच्या मुलाने ती उचलावी हे मला मुळीच मान्य नाही.

माझ्या परीने थोडे वाचन केले आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्रौढांसाठी आठवड्याला 150 ते 300 मिनिटे मध्यम किंवा 75 ते 150 मिनिटे जोरकस व्यायाम पुरेसा आहे. शिवाय एका वेळी किमान दहा मिनिटे व्यायाम झालाच पाहिजे ही जुनी अट त्यांनी काढून टाकली आहे. ड्यूक विद्यापीठातील संशोधकांनी 1999 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात नैराश्य असलेल्या, पन्नाशी ओलांडलेल्या 156 व्यक्तींचे तीन गट केले होते: एकाला व्यायाम, दुसऱ्याला सर्ट्रालिन हे नैराश्यावरचे औषध आणि तिसऱ्याला दोन्ही. सोळा आठवड्यांनंतर तिन्ही गटांत जवळजवळ सारखीच सुधारणा दिसली, मात्र सुरुवातीला औषधाचा गुण लवकर आला. त्या अभ्यासात निव्वळ दिखाऊ गोळी घेणारा गट नव्हता, त्यामुळे त्यावरून फार मोठे निष्कर्ष काढू नयेत असे माझे मत आहे. तरीही एक गोष्ट माझ्या मनात राहिली: तिथला व्यायाम आठवड्यातून तीनदा, प्रत्येक वेळी तीस मिनिटे भरभर चालण्याचा किंवा धावण्याचा होता. एवढ्या मात्रेने लोकांना बरे वाटत असेल, तर चार दिवस हुकल्यावर माझी अवस्था इतकी का बिघडते?

मुलीला सायकल देऊन सोबत नेण्याचा प्रयोग केला. त्यात आम्हा दोघांनाही आनंद मिळतो, पण माझे सगळे लक्ष तिच्याकडे आणि रस्त्याकडे असल्यामुळे मनाला मोकळीक मिळत नाही. मला प्रामुख्याने हे जाणून घ्यायचे आहे की एकट्याने मूल वाढवणारे धावपटू रविवारच्या लांब धावेची व्यवस्था कशी करतात, धावणे शक्यच नसते तेव्हा मन कशाने सावरतात आणि अशा परिस्थितीत स्पर्धेचे ध्येय बाळगावे की काही काळ बाजूला ठेवावे. मुलीशी याबाबत काय आणि कसे बोलावे, हे कोणी अनुभवातून सांगू शकले तर मी मनापासून आभारी राहीन.

प्रतिसाद

आपला प्रश्न वाचून लगेच लिहायला बसले. दोन मुलांना एकटीने वाढवले, त्यातली बरीच वर्षे धावत होते आणि औषधेही घेत होते, त्यामुळे बुटांचा प्रसंग वाचून फार आत कुठेतरी लागले.

प्रथम एक शंका मांडते. आपण ज्या दिवसांत धावू शकत नाही ते दिवस कोणते, हे पुन्हा एकदा पाहावे. मुलीला ताप असतो तेव्हा आपली झोप मोडलेली असते, कामाचा ताण वाढलेला असतो आणि दिवसभर एकाही मोठ्या माणसाशी धड बोलणे होत नाही. धावणे हुकते ते या सगळ्यासोबत, त्यामुळे मन खचण्याचे सारे खापर न झालेल्या धावेवर फोडणे मला योग्य वाटत नाही. माझ्या बाबतीत खरा घाव झोपेचा होता. हे कळल्यावर आजारपणाच्या दिवसांत धावण्यासाठी धडपडण्याऐवजी मूल दुपारी झोपले की मीही आडवी होऊ लागले आणि संध्याकाळी एखाद्या मैत्रिणीला फोन करू लागले. घसरण पूर्णपणे थांबली नाही, पण तिचा जोर नक्कीच कमी झाला.

दुसरी बाब आपल्या डॉक्टरांपर्यंत पोहोचायलाच हवी. पहाटे अवेळी जाग येणे हे नैराश्याचे परिचित लक्षण आहे. उपचार चालू असतानाही तीन-चार दिवसांत ते परत येत असेल, तर आजार अजून पूर्णपणे आटोक्यात आलेला नसण्याची शक्यता आहे, आणि धावण्यामुळे ती बाब झाकली जात असेल. काही आठवडे झोप, मनःस्थिती आणि धावणे यांची रोज एका ओळीत नोंद ठेवावी आणि ती वही भेटीच्या वेळी त्यांच्यासमोर ठेवावी. नैराश्याची तीव्रता मोजणारी पीएचक्यू-9 नावाची नऊ प्रश्नांची प्रश्नावली मागील दोन आठवड्यांविषयी विचारते. तिच्यात एकूण 27 पैकी 10 किंवा अधिक गुण आले तर पुढच्या भेटीची वाट न पाहता डॉक्टरांना कळवावे. नववा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या किंवा जगू नये असे वाटण्याच्या विचारांविषयी आहे. त्याचे उत्तर शून्याखेरीज काहीही आले तर त्याच दिवशी मदत घ्यावी. गोळीच्या मात्रेत स्वतःहून बदल कृपया करू नये.

स्पर्धेबाबत माझे मत स्पष्ट आहे: मनासाठीचे धावणे आणि स्पर्धेसाठीचे धावणे वेगळे ठेवावे आणि अडचणीच्या काळात फक्त पहिले सांभाळावे. कमावलेला दम इतक्या लवकर जात नाही. 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला संशोधक रॉबर्ट हिक्सन यांनी केलेल्या प्रयोगांत व्यायामाची तीव्रता तीच ठेवून रोजचा वेळ चाळीस मिनिटांवरून तेरा मिनिटांपर्यंत कमी केला, तरी पंधरा आठवडे कमाल प्राणवायू-क्षमता, म्हणजे व्यायामात शरीर जास्तीत जास्त किती प्राणवायू वापरू शकते ते प्रमाण, टिकून राहिली. लांब अंतराचा टिकाव तेरा मिनिटांच्या गटात थोडा घटला, हेही खरे. म्हणून अर्ध्या मॅरेथॉनची तारीख पुढे ढकलावी लागेल, पण आपण शून्यावर येणार नाही. वेळ कमी असेल त्या दिवशी पंधरा मिनिटे जरा जोरात धावून परत यावे आणि ती धाव पूर्ण मानावी.

लांब धावेसाठी मुलीच्या एखाद्या मैत्रिणीच्या पालकांशी अदलाबदल ठरवावी: एका रविवारी दोन्ही मुली त्यांच्याकडे, पुढच्या रविवारी आपल्याकडे. विचारताना संकोच वाटतो, मात्र समोरच्यालाही मोकळा वेळ मिळत असल्यामुळे बहुधा नकार येत नाही. तेही जमले नाही तर 400 मीटरचा बंदिस्त ट्रॅक शोधावा. पंचवीस फेऱ्यांत दहा किलोमीटर होतात आणि मूल सतत नजरेसमोर खेळत राहते. फेऱ्या कंटाळवाण्या असतात. रस्ता आणि वाहने यांची चिंता नसल्याने मन मात्र मोकळे राहते.

मुलीशी बोलणे लांबवू नये. शांत वेळ पाहून तिला स्पष्ट सांगावे की बाबाला कधी कधी उदास वाटते, ते तिच्यामुळे नसते, आणि बाबाला बरे वाटावे यासाठी प्रयत्न करणे हे बाबाचे आणि डॉक्टरांचे काम आहे. नंतर एखाद्या न धावलेल्या दिवशी तिच्याजवळ बसून चित्र पाहावे, कारण बूट कोरडे असतानाही बाबा जवळ येतो हे तिला प्रत्यक्ष दिसायला हवे.

मूळ प्रश्नकर्ता

आपण इतक्या आपुलकीने लिहिलेत, त्याबद्दल मनःपूर्वक आभार. झोपेचा मुद्दा मला अगदी पटला; तिच्या तापाच्या रात्री मी दर तासाला उठून अंग गरम आहे का पाहतो आणि सकाळी दोष मात्र न झालेल्या धावेला देतो. आज रात्रीपासून नोंदी सुरू करतो आणि मनोविकारतज्ज्ञांची भेट अलीकडे घेता येते का ते विचारतो. हाफ मॅरेथॉनची नोंदणी पुढच्या वर्षावर ढकलता येत असेल तर ढकलेन.

एक प्रश्न उरतो. मुलीशी बोलताना "उदास वाटते" एवढ्यावर थांबावे, की आजाराचे नाव आणि रोजची गोळी यांविषयीही सांगावे? ती गोळीची पट्टी रोज पाहते, पण अजून तिने काही विचारलेले नाही. या वयाच्या मुलांशी ज्यांनी हे बोलणे केले आहे, त्यांनी नेमके कोणते शब्द वापरले ते कृपया लिहावे.