‘पुट अप विथ’ : म्यानातून पोटात

प्रश्न

एका इंग्रजी कथेचा अनुवाद करते आहे. यॉर्कशरमधली एक म्हातारी आहे. नवरा जाऊन दोनच आठवडे झालेत. भेटायला आलेल्या शेजारणीला चहा ओतताना ती म्हणते, ‘आय पुट अप विथ हिम फॉर थर्टी यिअर्स.’ आणि किटलीवर लोकरीचं झाकण नीट बसवते. लेखकाने पुढे काहीच लिहिलेलं नाही, पण त्या झाकण बसवण्यातून कळतं की बाईचा जीव होता त्याच्यावर.

मी पहिल्या खर्ड्यात ‘तीस वर्षं मी त्याला सहन केलं’ असं लिहिलं. मोठ्याने वाचलं तर फिर्याद वाटते. कोशात सहन करणे, सोसणे, खपवून घेणे एवढंच मिळालं. माझ्या दोन शंका आहेत. या वाक्याला मराठीत काय म्हणावं? आणि ‘पुट’ म्हणजे ठेवणे, ‘अप’ म्हणजे वर, ‘विथ’ म्हणजे सोबत, तर या तिघांतून ‘सहन करणे’ निघालं कसं?

उत्तर

दुसरी शंका आधी घेतो. ती सुटली की पहिलीची वाट सापडेल असं वाटतं.

अडचण ‘अप’ची आहे. शाळेत आपण त्याचा अर्थ ‘वर’ असा घोकतो आणि तो डोक्यात पक्का बसतो. पण ‘लॉक अप’, ‘टाय अप’, ‘रॅप अप’ बघा. यांत वर काहीच जात नाही. वस्तू बंद होते, बांधली जाते, आवरली जाते. ‘पुट अप’ला या दोन्ही वाटा आहेत. एका वाटेने वस्तू उभी राहते, म्हणजे तंबू, भिंत, हात. दुसऱ्या वाटेने वस्तू आत जाते, आपल्या जागी पडते, म्हणजे पेटीत, थैलीत, म्यानात. तुमच्या म्हातारीचं क्रियापद या दुसऱ्या वाटेवरचं आहे.

शेक्सपिअरच्या ‘रोमिओ अँड ज्युलिएट’च्या पहिल्याच प्रवेशात दोन घराण्यांचे नोकर भर रस्त्यात भिडतात. त्यांना सोडवायला बेन्व्होलिओ मधे पडतो आणि ओरडतो, ‘पुट अप युअर सोर्ड्‌स.’ इथे ‘तलवारी वर करा’ असा अर्थ लावला तर प्रसंगच उलटा होईल. तो तलवारी म्यान करायला सांगतो आहे. १६११ च्या किंग जेम्स बायबलातही हेच. येशूला धरायला शिपाई आले, पेत्राने तलवार उपसून प्रमुख याजकाच्या नोकराचा कान कापला, तेव्हा येशू त्याला म्हणतो, ‘पुट अप दाय सोर्ड इंटू द शीथ.’ मराठी बायबलात त्या ठिकाणी तलवार म्यानात घालायलाच सांगितलं आहे.

आता त्या काळातला कमरेला तलवार लावलेला एखादा मानी गृहस्थ डोळ्यांसमोर आणा. चारचौघांत कोणी त्याचा अपमान केला. त्याचा हात मुठीवर जातो. एक तर तलवार बाहेर येईल, नाही तर आतच राहील. आत राहिली तर अपमानही तिच्याबरोबर आत गेला. क्रियापद तेच राहिलं, कर्म बदललं. आधी तलवार ‘पुट अप’ व्हायची, आता अपमान ‘पुट अप’ व्हायला लागला. शेक्सपिअरच्याच ‘टायटस अँड्रॉनिकस’मध्ये सॅटर्नायनस संतापून विचारतो की उघडउघड बेअब्रू झाली असताना सूड न घेता ती मी नामर्दासारखी ‘पुट इट अप’ करू काय? ‘ऑथेल्लो’मध्ये रॉड्रिगो म्हणतो की मूर्खपणाने जे सोसलं ते निमूट ‘पुट अप’ करायची माझी अजून तयारी नाही.

म्यानाशेजारीच आणखी एक प्रतिमा होती, खिशाची. ‘पॉकेट अप’ म्हणजे अन्याय खिशात टाकणे. ‘किंग जॉन’मध्ये ऑस्ट्रियाचा सरदार म्हणतो, हे अपमान मला खिशात टाकावे लागणार. त्यावर समोरचा त्याला ऐकवतो की तुझी विजार ते वाहायला योग्यच आहे! म्यान खरं की खिसा खरा, असा वाद मी करणार नाही. दोन्हींत कृती एकच आहे. हातातली गोष्ट दिसेनाशी करायची आणि हात मोकळा ठेवायचा.

या सगळ्या उदाहरणांत ‘विथ’ कुठेच नाही. अपमान हे सरळ कर्म आहे. ‘विथ’ जोडलेलं रूप अठराव्या शतकात रुळलं. ‘बेअर विथ’ भाषेत आधीपासून होतंच, त्याच्या वळणाने हे गेलं असावं असं मला वाटतं. पण ‘विथ’ आलं आणि चित्र बदललं. अपमान खिशात टाकणं हे एका क्षणाचं काम. ‘विथ’ आल्यावर त्या गोष्टीबरोबर राहणं आलं, रोजचं. म्हणून मग अपमानाची अट उरली नाही. ओल आलेली खोली, वरच्या मजल्यावरचा आवाज, बेचव जेवण, घोरणारा नवरा, सगळ्यांना ते चालू लागलं.

आणि ही तीन पदं आता इतकी सांधली गेली आहेत की त्यांना वेगळं करता येत नाही. वाक्याच्या शेवटी शब्दयोगी अव्यय येऊ नये असा नियम करणाऱ्यांना उत्तर म्हणून कोणीतरी ही पदं फोडून ‘अप विथ विच आय विल नॉट पुट’ असं मुद्दाम वेडंवाकडं वाक्य रचलं. चर्चिल यांच्या नावावर ते सर्रास सांगतात, पण ते त्यांचं असल्याचा भरवशाचा पुरावा नाही.

प्रश्नकर्तीची भर

खूप आभार. तुम्ही ‘म्यानात घाल’ लिहिलंत आणि मी तिथेच थांबले. आपण ‘अपराध पोटात घाल’ म्हणतो की! इंग्रजाने खिशात टाकलं, आपण पोटात घातलं. क्रियापद ‘घालणे’च. मग ‘मी त्याचं सगळं पोटात घातलं’ असं लिहू का?

उत्तर

थांबा, ‘घालणे’ तुम्हाला फार मोलाचं सापडलं आहे. मी इतकी वर्षं हे दोन शब्द शेजारी ठेवून कधी पाहिले नव्हते.

अमेरिकेत उन्हाळ्यात पीच, टोमॅटो, काकड्या बरण्यांत भरून हिवाळ्यासाठी ठेवतात, त्याला ‘पुट अप’च म्हणतात. आपण लोणचं घालतो. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत तर घासलेली भांडी जागेवर लावण्यालाही ‘पुट अप द डिशेस’ म्हणतात. ही झाली आत जाण्याची वाट. आता उभं करण्याची वाट घ्या. ते कुंपण ‘पुट अप’ करतात, आपण कुंपण घालतो. ते भिंत, आपण भिंत घालतो. लग्नाचा मांडव घालतो. ते ‘पुट अप अ फाइट’ म्हणतात, आपण वाद घालतो, हुज्जत घालतो. एकाच क्रियापदात आत ढकलणंही आहे आणि उभारणंही आहे, आणि त्यामुळे मराठी माणूस कधी गोंधळत नाही. सासू सुनेला ‘लोणचं घाल’ म्हणाली तर सून कुंपणाकडे बघत नाही. मग इंग्रजी ‘पुट अप’चं एवढं दडपण आपण का घेतो, असा प्रश्न मला आता पडतो आहे. आपल्या क्रियापदांना आपण अर्थांची यादी करून शिकलो नाही, म्हणून ती सोपी वाटतात.

ही तक्रार जुनी आहे. सॅम्युएल जॉन्सन यांनी १७५५ च्या आपल्या कोशाच्या प्रस्तावनेतच लिहून ठेवलं की क्रियापदाला शेपटीसारखं अव्यय जोडून अर्थ बदलण्याची इंग्रजीची खोड परकीयांना सर्वांत जड जाते. या जोड्यांना ‘फ्रेझल व्हर्ब’ हे नाव रूढ झालं ते मात्र १९२५ मध्ये, लोगन पिअरसॉल स्मिथ यांच्या पुस्तकामुळे. ते नाव त्यांना ऑक्सफर्ड कोशाचे संपादक हेन्री ब्रॅडली यांनी सुचवलं होतं.

आता तुमचं वाक्य. ‘पोटात घातलं’ नको. पोटात घालण्यात क्षमा आहे. आई पोटात घालते, देव पोटात घालतो. ज्याचं घातलं त्याच्यावर मग राग उरत नाही. ‘पुट अप विथ’मध्ये क्षमा नाही. राग तिथेच असतो, नुसता म्यानात असतो. त्या जुन्या ‘पुट अप’ला सर्वांत जवळचं मराठी ‘गिळणे’. अपमान गिळला, राग गिळला. घशात काहीतरी राहिल्यासारखं त्यात वाटतं. पण ‘तीस वर्षं गिळलं’ म्हटलं की बाई फार दुःखी होते, तुमच्या कथेत ती तशी दिसत नाही.

भर, आणखी एकाची

चर्चा वाचतो आहे, राहवलं नाही म्हणून लिहितो. मी मंत्रालयात ३१ वर्षं काढली. आमच्याकडे ‘पुट अप’ दिवसातून पन्नासदा कानावर यायचं आणि त्याचा सोसण्याशी काही संबंध नव्हता. साहेब नस्ती, म्हणजे फाइल, बघायचे, समासात तिरप्या अक्षरात ‘पुट अप’ एवढंच लिहायचे, खाली तारखेसह सही. म्हणजे टिपणी तयार करून नस्ती पुन्हा माझ्यापुढे आणा. शिपाई ती आमच्या कार्यासनावर, म्हणजे आमच्या टेबलावर, टाकायचा. आम्ही मागचे संदर्भ काढायचे, त्या पानांना खुणेच्या चिठ्ठ्या, म्हणजे पताका, लावायच्या, टिपणीच्या शेवटी ‘आदेशार्थ सादर’ लिहायचं आणि नस्ती वर पाठवायची. नस्ती वर जाते, कधी खाली येत नाही अशी आमच्यात तक्रारही असायची. हे ‘पुट अप’ कोणत्या वाटेवरचं?

दुसरं असं, की आमच्या वेळी नवा माणूस बदलून आला की विचारायचे, ‘व्हेअर आर यू पुट अप?’ हल्ली इंग्लंडला असलेला माझा भाचा म्हणतो की तिकडे असं कोणी विचारत नाही.

उत्तर

साहेब, तुमचं पहिलं ‘पुट अप’ सरळ वरच्या वाटेचं, समोर ठेवण्याचं. लिलावाला मांडणं, उमेदवार उभा करणं, पैजेचे पैसे टेबलावर ठेवणं हे सगळं त्याच कुटुंबातलं. अमेरिकन जुगाऱ्यांचं ‘पुट अप ऑर शट अप’ही त्यातलंच, पैसे तरी मांड नाही तर तोंड तरी मिट. मराठी प्रशासनाने त्याला ‘सादर करणे’ हा शब्द दिला आणि तो पुरता रुजला. ‘वर ठेवणे’ असं शब्दाला शब्द केलं असतं तर नस्ती कपाटावर गेली असती.

दुसऱ्या वापरात मला खरी गंमत वाटते. ‘पुट अप’चा एक जुना अर्थ घोडा तबेल्यात बांधणे असा आहे. प्रवासी खानावळीपाशी आला की आधी जनावराची सोय. घोड्याची झाली तशी माणसाचीही मुक्कामाची सोय त्याच शब्दात बसली. इंग्लंडमध्ये अजूनही पाहुण्याला रात्रीपुरतं ‘पुट अप’ करतात. पण ‘तुम्ही राहता कुठे’ या अर्थाने ‘आर यू पुट अप’ विचारणं हे आता खास आपल्याकडचं इंग्रजी.

आणि मराठीत पाहा. आपण पाहुण्याला ‘कुठे उतरलात?’ असं विचारतो. धर्मशाळेत उतरतो, नातेवाइकांकडे उतरतो. प्रवासी तो उतारू. घोड्यावरून, गाडीवरून खाली आला तो उतरला. तिकडे घोडा ‘अप’ झाला, इकडे स्वार खाली आला, आणि दोघांचा मुक्काम एकाच अंगणात पडला. तुमच्या कचेरीतल्या त्या प्रश्नाला ‘कुठे उतरलात’ हे अगदी चपखल मराठी आहे.

जाता जाता ‘पुट-अप जॉब’ही सांगून टाकतो, म्हणजे आधीच ठरवून रचलेला बनाव. हा चोरांच्या बोलीतून आला. जेम्स हार्डी वॉक्स नावाचा चोर शिक्षा होऊन ऑस्ट्रेलियात गेला. तिथे त्याने १८१२ मध्ये चोरांच्या शब्दांचा छोटा कोश लिहिला, तो १८१९ मध्ये छापला गेला. त्यात ‘पुट अप अफेअर’ आहे, घराची माहिती असलेल्या कोणीतरी सुचवून, बेत आखून दिलेली चोरी. डिकन्सच्या ‘ऑलिव्हर ट्विस्ट’मधला पोलिस बायकांना समजावून सांगतो की घरातले नोकर सामील असले की आम्ही तिला ‘पुट-अप’ चोरी म्हणतो. आपण म्हणू, आतला माणूस फितूर होता.

प्रश्नकर्तीची भर

हे सगळं वाचून मी पुन्हा वाक्याकडे गेले. नकार असता तर सोपं होतं. ‘आय वोन्ट पुट अप विथ इट’ म्हणजे ‘हे मी खपवून घेणार नाही’, त्यात कणभरही कमीजास्त वाटत नाही. ‘पंखा नाही, एक रात्र चालवून घ्या’ यातलं ‘चालवून घेणे’ही बरोबर तेच, पण ते वस्तूंपुरतं. नवऱ्याला ‘चालवून घेतलं’ म्हणता येत नाही. अडतं ते होकारात आणि प्रेमात.

उत्तर

बरोबर अडलात. खपवून घेण्यात वर बसलेला माणूस खालच्याच्या चुका मोजतो. सोसण्यात दुखणं आहे. निभावून नेण्यात कर्तृत्व आहे, पण ते संसार निभावण्याचं, माणूस निभावण्याचं नाही. क्रियापद शोधायचं थांबवा. आपल्याकडची म्हातारी अशा वेळी काय म्हणते ते आठवा. माझी आत्या यजमानांबद्दल बोलताना जे म्हणायची त्यात सोसणं हा शब्दच नसायचा. ती म्हणायची, ‘मी म्हणून.’ एवढंच. बाकीचं वाक्य कधी पुरं करायची, कधी नाही. ‘मी म्हणून राहिले, दुसरी असती तर पहिल्याच पावसाळ्यात माहेरी गेली असती.’ त्यात तक्रार होती, अभिमान होता, आणि ज्याच्याबद्दल बोलायची तो माणूस सगळाच्या सगळा होता.

प्रश्नकर्तीची भर

मिळालं. आता खर्ड्यात असं आहे :

‘मी म्हणून तीस वर्षं काढली त्याच्याबरोबर,’ ती म्हणाली, आणि किटलीवर लोकरीचं झाकण नीट बसवलं.

आधी ‘ह्यांच्याबरोबर’ लिहिलं होतं. पण मग ती यॉर्कशरची राहीना, आमच्या वाड्यातली झाली. म्हणून ‘त्याच्या’ केलं. ‘घालणे’ शोधता शोधता शेवटी ‘काढणे’ हाती आलं.