भोंगा की सायरन?

शब्दवेडी : कारखान्यातल्या सुरक्षेच्या पाट्या मराठीत करतेय. एका पाटीवर ‘सायरन वाजताच बाहेर पडा’ असं लिहिलं, तर खात्यातले दोघं म्हणाले, ‘ताई, भोंगा लिहा की.’ साहेबांना भोंगा गावंढळ वाटतो. शिवाय 2022 च्या वादापासून भोंगा म्हटलं की लोकांना लाउडस्पीकरच आठवतो. काय ठेवू?

खटपट्या : यंत्रं मुळात वेगळी आहेत. गिरणीचा भोंगा म्हणजे वाफेची मोठी शिट्टी. सायरनमध्ये मोटर असते. भोकं पाडलेलं चाक तसल्याच भोकांच्या कड्यात फिरतं आणि हवेचे तुकडे पाडतं. चाकाला दहा भोकं आणि मिनिटाला 2880 फेरे असतील, तर सेकंदाला 480 कंपनं. मोटर वेग घेते तसा आवाज चढतो, बटण सोडलं की उतरतो. तो ‘ऊंऊं’ तिथून येतो.

लालबागकर : शिट्टी म्हणा, पण आमच्याकडे कुणी तसं म्हटलं नाही. वडील गिरणीत बॉयलरवर होते. ते सांगायचे, साखळी ओढली की आधी नळीत साचलेलं पाणी फसफसत बाहेर पडायचं, अंगावर तुषार यायचे, मग आवाज फुटायचा. आणि भोंगा ‘वाजला’ असं घरात क्वचितच. ‘भोंगा झाला’ म्हणायचे, जशी शाळेची घंटा होते तसा. आई ‘पहिला भोंगा झाला, उठा’ म्हणायची. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला, बॉयलर थंड पडले, मग भोंगा कशावर होणार? वाफच नाही. घरातलं घड्याळ बंद पडल्यासारखं झालं होतं.

शब्दवेडी : ‘भोंगा झाला’ हे छानच. पण मग विजेवरच्याला भोंगा म्हणणं चूक?

लालबागकर : अजिबात नाही. नाव आवाजावरून पडलंय, वाफेवरून नाही. आगबोटीचा भोंगा, जुन्या मोटारीचा रबरी भोंगा, आमच्या नातवाने रात्री दोनला काढलेला भोंगा... शेवटच्याला तर वीज, वाफ काहीच लागत नाही.

खटपट्या : मान्य. सायरन नावाची गोष्टही गमतीची आहे. ग्रीक पुराणातल्या सायरन गाऊन खलाशांना भुलवून खडकावर आणायच्या. 1819 मध्ये फ्रेंच शास्त्रज्ञ कान्यार द ला तूर यांनी हे यंत्र केलं. ते पाण्यातही आवाज काढतं म्हणून हे नाव. आपण तेच ऐकून पळतो!
पाटीपुरतं सांगतो : शब्द कुठलाही घ्या, पण आवाजाची रीत लिहा. नागरी संरक्षणात खालीवर होणारा आवाज म्हणजे धोका आणि सलग आवाज म्हणजे धोका टळला. पाटीवर नुसतं ‘वाजताच’ लिहिलंत, तर धोका टळल्यावरही लोक पळतील. आणि तो मेनच्या विजेवरच असेल, तर लाइट गेल्यावर मुका. जनरेटरवर किंवा बॅटरीवर घ्यायला सांगा. हाताने फिरवायचाही मिळतो.

शब्दवेडी : जोडणी विचारली. मेनवरच आहे! इलेक्ट्रिशियन उद्या येतोय. पाटी अशी केली : ‘भोंगा खालीवर – बाहेर पडा. भोंगा सलग – धोका टळला.’ साहेबांनी सही केली, फक्त ‘भोंगा’च्या पुढे कंसात ‘सायरन’ घालून.